गणेशवेल : वनस्पतींच्या संस्कृत नांवांचा पुरावा किती धरावा?

वैद्यकाच्या अथवा निघंटूच्या पोथीचें शेवटचें पान हरवलेलें असलें म्हणजे तिचा काल ठरविण्याची सारी भिस्त अक्षरवळण, कागद आणि आंतील मजकूर यांवर येऊन पडते. अक्षरवळणावरून पन्नास-शंभर वर्षांचा अदमास निघतो, त्याहून बारीक निघत नाहीं. जुन्या कोऱ्या कागदावर नवें लिहिणें अशक्य नाहीं. तेव्हां शेवटीं मजकुराचीच उलटतपासणी करावी लागते. भावप्रकाशांत फिरंगरोगाचें प्रकरण आहे, एवढ्या एका गोष्टीवरून तो ग्रंथ पोर्तुगीज येथें आल्यानंतरचा, म्हणजे सोळाव्या शतकांतला, असें विद्वानांनीं ठरविलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनीं ही वाट पुष्कळ रुंद केली. तमाखू, मेंदी, हरभरा अशा नित्याच्या पदार्थांचे उल्लेख त्यांनीं हस्तलिखितांतून वेंचून काढले आणि पदार्थाचा इतिहास व पोथीचा काल हीं दोन्ही एकमेकांच्या उजेडांत तपासलीं. प्रस्तुत लेखांत आम्हीही त्याच वाटेनें एका वेलीपर्यंत जाणार आहों. वेल कुंपणावरची, अगदी सामान्य. परंतु तिच्या नांवानें सर विल्यम जोन्स यांच्यासारख्या पंडितासही चकविलें, आणि पोथ्यांचा काल ठरवितांना तसलीं नांवें अजूनही आपणांस चकवीत असतात, म्हणून हा प्रपंच.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत, राज्याच्या अगदी शिवेवर, बपेरा हें गांव आहे. बावनथडीवरील पूल ओलांडला कीं मध्यप्रदेशांतील बालाघाट जिल्हा लागतो. मुलूख धानाचा, जिकडे पाहावें तिकडे बांध्या, बोड्या आणि मालगुजारांच्या काळचे तलाव. पावसाळा निम्मा सरला कीं कुपाट्यांवर ज्या वेली चढतात त्यांत गणेशवेल ओळखण्यास सर्वांत सोपी. पान पिसासारखें, मधल्या शिरेच्या दोहों बाजूंस दोऱ्याएवढ्या बारीक चिरफळ्या असलेलें. वेल नाजूक, एका वर्षाच्या आयुष्याची, आधाराभोंवतीं स्वतःस गुंडाळीत जाणारी. फूल रक्तवर्ण, लांब अरुंद नळीचें, आणि तोंडाशीं पंचकोनी चांदणीसारखें उघडणारें. पांच पुंकेसर नळीच्या बाहेर डोकावतात. सकाळीं उमललेलें फूल त्याच दिवशीं मिटतें. बोंडांत बहुधा चार बिया असतात. त्या खालीं पडून पुढच्या पावसाळ्यांत आपोआप रुजतात, त्यामुळें एकदां अंगणांत शिरलेली ही वेल सहसा जात नाहीं. पांढऱ्या फुलांचा एक प्रकारही बागांतून आढळतो.

मराठींत ही गणेशवेल, हिंदींत कामलता, आणि फारशी वळणाच्या बोलींत इश्कपेंच. बपेरा दोन भाषांच्या शिवेवर असल्यामुळें या नांवांचा विचार करण्यास जागा चांगली आहे. गणेश आणि काम! एकाच कुपाटीवरच्या एकाच वेलीनें दोन देवतांचीं नांवें धारण करावीं, आणि दोन्ही नांवें शुद्ध संस्कृत असावीं, हें पाहून कोणासही वाटावें कीं ही वेल पुराणकालापासून येथें नांदत आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. ही वेल अमेरिकेची आहे, आणि कोलंबसाच्या सफरींपूर्वीं ती आमच्या देशांत असल्याचा एकही पुरावा पुढें आलेला नाहीं.

वनस्पतिशास्त्रांत तिचें नांव आयपोमिया क्वामोक्लिट. तें लिनीअसनें १७५३ सालीं दिलें. आयपोमिया हा ग्रीक घडणीचा शब्द असून त्याचा अर्थ किड्यासारखी, म्हणजे वळवळत चढणारी. क्वामोक्लिट हा मेक्सिकोकडील भाषेंतून युरोपांत आलेला शब्द मानतात, आणि कोणी त्यालाही ओढूनताणून ग्रीक व्युत्पत्ति लावतात. नांवाला आपल्या घरचा पोशाख चढविण्याची हौस केवळ आम्हांसच आहे असें नव्हे. या वेलीचे निकटचे सगेसोयरे, म्हणजे तांबड्या नळीदार फुलांच्या तिच्या गोताच्या जाति, मूळच्या अमेरिकेंतल्याच आहेत. फुलाची घडणही तेंच सांगते. तांबडा रंग, गंधाचा अभाव, अरुंद लांब नळी आणि बाहेर आलेले केसर हीं लक्षणें हवेंत तरंगत मध पिणाऱ्या हमिंगबर्ड नामक चिमुकल्या पक्ष्यांस अनुकूल आहेत, आणि ते पक्षी केवळ अमेरिकाखंडांत होतात. हा दुसरा पुरावा एकट्यानें उभा राहत नाहीं, कारण आमच्याकडील शिंजीरही तांबड्या फुलांकडे ओढला जातो; परंतु पहिल्याच्या जोडीला तो बसतो.

आतां ग्रंथांकडे वळूं. या वेलीची आपल्या देशांतील सर्वांत महत्त्वाची जुनी नोंद मराठींत नाहीं, संस्कृतांतही नाहीं. ती लॅटिनांत आहे. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यानें मलबारांतील वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, तो हॉर्टस मलबारिकस या नांवानें आम्स्टरडॅम येथें १६७८ ते १६९३ या वर्षांत बारा भागांत छापला गेला. त्याच्या कामीं इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंगभट्ट, विनायक पंडित आणि आपुभट्ट हे तीन कोंकणी ब्राह्मण खपत होते. त्यांनीं आपण केलेल्या कामाबद्दल १६७५ सालीं (शके १५९७) लिहून दिलेला दाखला ग्रंथाच्या पहिल्या भागांत नागरी लिपींत छापलेला आहे, आणि चित्रांवर वनस्पतींचीं नांवें इतर लिप्यांबरोबर नागरींतही घातलेलीं आहेत. मराठी हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं हा ग्रंथ केवळ वनस्पतिशास्त्राचा म्हणून बाजूस ठेवूं नये. सतराव्या शतकांतील कोंकणी नागरी अक्षराचा तो छापील नमुना आहे.

या ग्रंथाच्या १६९२ सालीं निघालेल्या अकराव्या भागांत साठाव्या चित्रावर आमची गणेशवेल आहे. तेथें रोमन अक्षरांत तिचें नांव त्सजुरिया-क्रांति अशा वळणाचें दिलें आहे. जोन्स यांनीं तें सूर्यकांति असें वाचलें. आम्हांस हें वाचन पटत नाहीं. मूळच्या अक्षरांत 'क'पाशीं 'र' स्पष्ट आहे. तो टाकण्यास कांहीं कारण पाहिजे. त्याच भागांत चारच चित्रें पुढें विष्णुक्रांता आहे, आणि तिचें नांवही डच लेखणीनें असेंच वेडेंवांकडें, पण ओळखूं येईल असें उतरलें आहे. विष्णुक्रांता ही याच कुळांतली, आमच्याकडील जुनी, निळ्या बारीक फुलांची वनस्पति. तेव्हां मलबारांतील वैद्यांनीं नव्या वेलीस तिच्या जुन्या भावकीच्या नांवाच्या धर्तीवर सूर्यक्रांति म्हटलें असावें, असा आमचा तर्क आहे. निळीस विष्णु आणि तांबडीस सूर्य, ही वांटणीही नैसर्गिक वाटते. हें वाचन मान्य झालें तर एक गोष्ट अधिक सिद्ध होते: नांव ठेवणाऱ्यांनीं दोन्ही झाडें हातांत घेऊन पाहिलीं होतीं आणि त्यांचें गोत ओळखलें होतें. युरोपांतील पंडितांनीं कुळें पाडण्यापूर्वींची ही गोष्ट आहे.

कालाची चौकट आतां आंखतां येते. पोर्तुगीज १४९८ सालीं मलबारच्या किनाऱ्यास लागले. गोवें त्यांनीं १५१० सालीं (शके १४३२) घेतलें. ऱ्हीडचीं माणसें १६७० नंतरच्या दशकांत झाडें गोळा करीत होतीं, आणि त्या वेळीं या वेलीस संस्कृत वळणाचें नांव पडून तें रुळलें होतें. म्हणजे परदेशीं वेल येणें, पसरणें, वैद्यांच्या नजरेस पडणें आणि तिला नांव मिळणें हा सगळा व्यवहार जास्तींत जास्त पावणेदोनशें वर्षांत उरकला. संस्कृत नांव पडण्यास हजार वर्षें लागत नाहींत. पांच-सहा पिढ्या पुरतात. ही एकच गोष्ट आमच्या सर्व विवेचनाचा कणा आहे.

सर विल्यम जोन्स यांची फसगत कशी झाली तें पाहण्यासारखें आहे. १७८४ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापणारा आणि १७८९ सालीं शाकुंतलाचें भाषांतर प्रसिद्ध करणारा हा गृहस्थ वनस्पतींचाही मोठा भोक्ता होता. भारतीय झाडांस त्यांचीं संस्कृत नांवें द्यावीं असा त्याचा आग्रह असे. त्याच्या मृत्यूनंतर एशियाटिक रिसर्चेसच्या चौथ्या भागांत (१७९५) निवडक भारतीय वनस्पतींवरचीं त्याचीं टिपणें छापलीं गेलीं, त्यांत कामलता म्हणून जी आहे ती हीच वेल. तेथें इश्कपेंच हें नांवही आहे आणि ऱ्हीडच्या चित्राचा हवालाही आहे. इंद्रलोकींच्या रहिवाशांची प्रत्येक इच्छा पुरविणारी जी पौराणिक वेल तीही कामलता म्हणविली जात असेल, असें सुचवून स्वर्गास शोभेल असें हेंच फूल होय अशी त्यानें तिची वाखाणणी केली. कलकत्त्याच्या बागेंत मेक्सिकोची वेल फुलली होती आणि साहेबास तिच्यांत अमरावती दिसली!

हंसण्यासारखें यांत कांहीं नाहीं. जोन्स यांस जें नांव पंडितांनीं सांगितलें तें तोंडचें होतें, खोटें नव्हतें. चूक पुढल्या पायरीवर झाली: शब्द संस्कृत, म्हणून वस्तु प्राचीन. इच्छा पुरविणाऱ्या वेलीस आमच्या वाङ्मयांत कल्पलता किंवा कल्पवल्ली म्हणतात. कामलता या शब्दास मोनियर विल्यम्स यांच्या कोशांत जो पहिला अर्थ दिलेला आहे, तो वेलीचा नसून एका शरीरावयवाचा आहे. तो येथें उघड लिहिण्याचें कारण नाहीं. अर्थात् शब्द जुना असला तरी तो या वेलीचा नव्हे. एक तर्क आमच्या मनांत येतो. क्वामोक्लिट आणि कामलता या दोहोंतील व्यंजनें बऱ्याच अंशीं सारख्याच ओळीनें येतात. युरोपीय बागवानाच्या तोंडचा शब्द बंगाली माळ्याच्या कानीं पडून पंडिताच्या जिभेवर कामलता झाला नसेल कशावरून? तर्क गोड आहे, म्हणूनच आम्ही त्याला पुराव्याचा दर्जा देत नाहीं.

मलबारांत सूर्यक्रांति, बंगाल्यांत कामलता, महाराष्ट्रांत गणेशवेल. तीन प्रांत, तीन संस्कृत नांवें, आणि तिन्हींचा एकमेकांशीं संबंध नाहीं. जुन्या वनस्पतींचें असें होत नाहीं. याच कुळांतील पाण्यावर पसरणारी नाळीची भाजी घ्या. अमरकोशांत शाकांमध्यें कलंबी आहे. बंगाल्यांत आजही तिला कलमी म्हणतात, हिंदींतही कलमी साग हा शब्द आहे. आमच्याकडे नाळी हा दुसरा शब्द रूढ झाला खरा, परंतु मूळ धागा सांपडतो. निशोत्तराचेंही तसेंच. चरकाच्या कल्पस्थानांत त्रिवृतावर स्वतंत्र अध्याय आहे आणि पुढील निघंटूंत ती त्याच नांवानें अखंड चालत आली आहे. जुन्या झाडाचें नांव देशभर एका मुळापासून फुटलेलें असतें. नव्या झाडास प्रत्येक प्रांत आपापल्या बुद्धीप्रमाणें नांव ठेवतो. ही कसोटी बिनचूक नाहीं, पण स्वस्त आहे, आणि घरीं बसून लावतां येते.

गणेशवेल या नांवाविषयीं आणखी एक पुरावा आहे, आणि आम्हांस तो सर्वांत बळकट वाटतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गणपतीस एकवीस पत्री वाहतात. दूर्वा, शमी, माका, बेल, आघाडा, धोत्रा, डोरली, मरवा, अर्जुन, केवडा इत्यादि; या यादींत विष्णुक्रांता आहे. गणेशवेल नाहीं. प्रांतभेदानें यादींत थोडी उलथापालथ होते, परंतु पूजेच्या प्रचलित पोथ्यांत या वेलीस जागा नाहीं. भाद्रपदाच्या सुमारास ती बहरूं लागते, फूल तांबडें, म्हणजे गणपतीस प्रिय, नांव त्याचेंच, आणि तरीही पत्रींत तिची गणना नाहीं! यादी ठरली तेव्हां वेल येथें असती तर तिला वगळण्याचें कोणतेंही कारण दिसत नाहीं. विष्णूच्या नांवाची भावकी गणपतीच्या पूजेंत बसली आणि खुद्द गणपतीच्या नांवाची वेल दाराबाहेर राहिली, याचा अर्थ एवढाच कीं ती उशिरा आली. गणेश हें नांव तिला मागाहून, तांबड्या रंगामुळें आणि चतुर्थीच्या हंगामामुळें मिळालें असावें.

देवाचें नांव दत्तकविधानासारखें आहे. तें जन्माचा दाखला नव्हे. अमेरिकेंतून आलेल्या झाडांचीं आमच्याकडील नांवें एकत्र मांडून पाहिलीं कीं हें चटकन ध्यानांत येतें. सीताफळ, रामफळ, कृष्णकमळ. कृष्णकमळाच्या फुलांत आमच्या बायका शंभर कौरव, पांच पांडव आणि मध्यें कृष्ण दाखवितात. त्याच फुलांत स्पेनच्या पाद्र्यांस ख्रिस्ताचा कांटेरी मुकुट आणि खिळे दिसले होते, आणि त्यावरून युरोपांत त्याचें नांव पडलें. एका फुलांत दोन धर्मांच्या कथा तंतोतंत बसतात, यावरून कथेचा बसतेपणा हा पुरावा म्हणून कितपत घ्यावा हें उघड होतें. सीताफळाचा वाद मात्र इतका सोपा नाहीं. अलेक्झांडर कनिंगहॅम यांस भरहुत आणि मथुरा येथील शिल्पांत तें फळ दिसलें होतें, आणि उत्तर प्रदेशांतील उत्खननांत मिळालेल्या बियांवरून तो वाद अलीकडे पुन्हां निघाला आहे. त्यांत आम्ही येथें शिरत नाहीं. गणेशवेलीस असा कोणताही दगडी किंवा मातींतला साक्षीदार पुढें आलेला नाहीं.

येथवर जें म्हटलें त्याच्या उलट बाजूस एक खळगा आहे आणि संग्राहकांनीं तोही ओळखून ठेवावा. नवें झाड कधीं नवें नांव घेतें, तर कधीं जुन्या झाडाचें नांव बळकावतें. याच कुळांतील रताळें पाहा. एकादशीस आपण तें निःशंक खातों, आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण सार्थ करण्यांत त्याचा वांटा मोठा आहे. परंतु तेंही अमेरिकेचें. त्याचें नांव मात्र सुश्रुताइतकें जुनें. सूत्रस्थानांतील कंदवर्गांत पिंडालुक, शंखालुक यांच्या रांगेंत रक्तालुक आहे, आणि रताळें हा शब्द त्याचाच वंशज. सुश्रुतास अभिप्रेत असलेला कंद कोनफळ-गोराडूच्या जातीचा असला पाहिजे. तांबड्या सालीचा नवा कंद आला तेव्हां लोकांनीं तयार असलेलें नांव उचलून त्यास लावलें आणि जुना मालक विस्मरणांत गेला. म्हणून जुन्या पोथींत रक्तालुक आढळला तर ती पोथी सोळाव्या शतकानंतरची असें ठरत नाहीं. आणि सुश्रुतकालीं येथें रताळें पिकत होतें असेंही ठरत नाहीं. दोन्ही चुका होतांना आम्ही ऐकलेल्या आहेत. पहिली करणारे सावध, दुसरी करणारे अभिमानी; पण चूक ती चूकच.

काळादाणा हा तिसऱ्या प्रकारचा मासला. निळ्या फुलांची ही वेल; बिया रेचक. १८६८ च्या इंडियन फार्माकोपियांत जॅलप या परदेशी औषधाच्या जागीं वापरण्याजोगी म्हणून ती आली. कृष्णबीज हें तिचें संस्कृत नांव काळादाणा या देशी शब्दाचेंच भाषांतर दिसतें. आणि अरबी वैद्यकांत हब्ब-उन्-नील हें औषध इब्न सिनाच्या काळीं, म्हणजे अकराव्या शतकाच्या आरंभीं, ठाऊक होतें. या वेलीचेंही मूळ अमेरिकेंत असावें असें आधुनिक शास्त्रज्ञांपैकीं कित्येक म्हणतात, तरीपण कोलंबसाच्या कितीतरी आधींच्या जपानी चित्रांत ती ओळखूं येते. तेव्हां ती आशियांत जुनीच, मग आली कशीही असो. काळादाण्याच्या उल्लेखावरून पोथीचा काल ठरविणें म्हणजे वाळूवर भिंत घालणें होय. गणेशवेलीवर जेवढा भरंवसा ठेवतां येतो तेवढा तिच्या या बहिणीवर ठेवतां येत नाहीं.

एक आक्षेप येईल तो आधींच घेतों. २०१८ सालीं गौरव श्रीवास्तव, राकेश मेहरोत्रा आणि डेव्हिड डिल्चर यांनीं मेघालयांत सांपडलेल्या पर्णाश्मांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तीं पानें सुमारें ५ कोटी ८० लाख वर्षांपूर्वींचीं असून आयपोमियाचीं आहेत, असा त्यांचा निर्णय आहे; त्यावरून हें सगळें कुळच, ज्यास मराठी ग्रंथांत हरिणपदी कुल म्हणतात तें, आमच्या भूमीच्या बाजूस उगम पावलें असावें असें त्यांनीं सुचविलें. ही बातमी हातीं घेऊन गणेशवेल भारतीय ठरविण्याचा मोह कोणास झाला तर नवल नाहीं. परंतु मूळपुरुष या गांवचा होता म्हणून आज परगांवाहून आलेला जांवई गांवकरी ठरत नाहीं. कुळाचा उगम हा कोटींनीं मोजण्याचा प्रश्न. विशिष्ट वेल केव्हां आली हा शतकांनीं मोजण्याचा. वंशावळींचे कागद चाळणाऱ्यांस हा भेद समजावून सांगण्याची गरज पडूं नये.

बपेऱ्याकडील तलावांच्या पाळींवर आणि ओढ्यांच्या कडांनीं याच कुळांतील आणखी एक परदेशी बस्तान ठोकून आहे. नीट उभा वाढणारा, फिकट जांभळ्या मोठ्या फुलांचा, गुरें तोंड लावीत नाहींत असा बेशरम. तोही उष्ण अमेरिकेंतला. फांदी खुपसली कीं मूळ धरतो, पाण्यांत मरत नाहीं, उन्हांत वाळत नाहीं. शोभेसाठीं आणि कुंपणासाठीं लावला गेला आणि मग आवरेना. रस्त्यांतील खड्ड्यांत तो लावून अधिकाऱ्यांस लाजविण्याचा प्रघातही विदर्भांत पडला आहे. त्याला संस्कृत नांव नाहीं. हिंदींत बेशरम, बेहया, मराठींतही बेशरम. फूल गणेशवेलीहून मोठें आणि दिसण्यांत वाईट नाहीं. पण तो इतका उशिरा आला कीं झाडांस संस्कृत नांव देणारी वैद्य-पंडितांची पेढी तोंवर बंद पडली होती. एकाच गोताच्या दोन परदेशी झाडांपैकीं एक गणेशवेल होतें आणि दुसरें बेशरम राहतें, यांतला फरक झाडांच्या गुणांत थोडा आणि आगमनाच्या मितींत अधिक आहे.

आतां पोथ्यांपुरतें. ज्या ग्रंथांत दोऱ्यासारख्या कातरलेल्या पानांची आणि तांबड्या चांदणीसारख्या फुलाची वेल वर्णिलेली असेल, तो मजकूर सोळाव्या शतकापूर्वींचा नाहीं असें निर्भयपणें म्हणावें. वर्णन नसून केवळ कामलता, सूर्यक्रांता किंवा तसलें एखादें नांवच असेल, तर त्यावरून कांहींच म्हणूं नये. आणि वर्णन असलें तरी काल ठरतो तो त्या श्लोकाचा, सबंध ग्रंथाचा नव्हे. निघंटु हे वापरांतले ग्रंथ. प्रत्येक वैद्यानें आपल्या प्रतींत भर घातली, आणि समासांत लिहिलेली ओळ पुढच्या लेखकानें मुळांत ओढून घेतली. याच कारणानें एखाद्या जुन्या निघंटूच्या दोन प्रतींत एका वनस्पतीचा श्लोक एकींत असतो, दुसरींत नसतो. अशा ठिकाणीं ग्रंथ खोटा ठरवून फेंकून देणें जितकें अविचाराचें, तितकेंच तो श्लोक प्राचीन म्हणून डोक्यावर घेऊन नाचणेंही अविचाराचें.

समासांतील देशी नांवें या कामीं मुळांतील श्लोकांहून मोलाचीं आहेत. वैद्य मुळांत संस्कृत लिहितो, पण झाड ओळखण्यासाठीं कडेला 'गणेशवेल', 'नाळी', 'निसोतर' असें आपल्या बोलींत टिपून ठेवतो. तीं टिपणें बहुधा निराळ्या शाईचीं आणि निराळ्या हातचीं असतात, आणि तीं कोणत्या प्रांतांत व अदमासें केव्हां केलीं गेलीं हें अक्षरावरून पुष्कळदां सांगतां येतें. दुर्दैवानें पोथ्यांची नवी बांधणी करवितांना कडा सारख्या दिसाव्या म्हणून समास छाटण्याची चाल आहे. ज्यांच्या संग्रहीं निघंटूचीं किंवा औषधींच्या बाडांचीं सुटीं पानें असतील त्यांनीं बांधणी करणाऱ्याच्या हातीं तीं देण्यापूर्वीं समासांतील प्रत्येक नांव, पानाचा अंक, कोणत्या श्लोकासमोर तें आहे आणि शाई मुळाची कीं वेगळी, एवढें उतरून घ्यावें. आणि त्यांत गणेशवेल, रताळें, सीताफळ किंवा कृष्णकमळ यांपैकीं कांहीं आढळल्यास त्या पानाची प्रतिमा मंडळाकडे पाठवावी.